कठडा आणि कुंपण : फुटबॉलच्या मैदानावरची गर्दी आणि तिच्यातलं लोखंड

(मंडळाच्या मासिक बैठकीत वाचलेल्या टिपणाचं वाढवलेलं रूप)

आमच्या मंडळात एरवी देवळं, वीरगळ, जुने दस्त, वाड्यांची दारं यांवर बोलणं होतं. या खेपेस मी लोखंडी नळ्यांवर बोललो. त्याचं कारण अगदी साधं आहे. आमच्या भागातल्या एका फुटबॉल मैदानाची समिती खेळपट्टी आणि प्रेक्षक यांच्यामध्ये पक्की जाळी उभारायच्या विचारात आहे. समितीतले एक गृहस्थ मंडळाच्या बैठकांना येतात. चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही इतिहासवाले. जुन्या मैदानांवर काय असायचं सांगा बघू. जाळी आठ फूट पुरे, की दहा घालू?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की मला ते माहीत नाही. घरी येऊन वाचायला बसलो. दोन महिन्यांनी जे हाती आलं ते इथे मांडतो आहे.

आधी माझी स्वतःची एक आठवण सांगतो. गोव्यात फुटबॉल मैदानाआधी शेतात वाढला. कापणी झाली की मळ्यात गोल उभे राहायचे आणि गावागावांच्या स्पर्धा सुरू व्हायच्या. तिकीट असलं की भोवती बांबू रोवून गोणपाट ताणायचे. मी अकरा वर्षांचा असताना मामाबरोबर अशाच एका अंतिम सामन्याला गेलो होतो. शेवटच्या मिनिटांत बरोबरीचा गोल झाला आणि मागची माणसं पुढे सरकली. कोणी मुद्दाम ढकललं नाही, सगळ्यांना फक्त बघायचं होतं. मी बांबूवर दाबला गेलो. पाय जमिनीला लागत नव्हते आणि ओरडायला श्वास नव्हता. मामा मागून म्हणत होता, "अरे, हात छातीशी धर, हात छातीशी धर." मग बांबू कडाडला, गोणपाट फाटलं आणि आम्ही पंधरावीस जण खेळपट्टीवर पडलो. पंचाने शिटी वाजवली, चार शिव्या बसल्या, सामना पुढे सुरू झाला. घरी आम्ही हसून सांगितलं, की कुंपण मोडलं. ते मोडलं म्हणून आम्ही हसू शकलो, हे मला परवा वाचताना उमगलं.

दोन वस्तू, एकच लोखंड

मैदानावरच्या सगळ्या अडसरांना आपण सरसकट 'रेलिंग' किंवा 'बॅरिकेड' म्हणतो. पण गर्दीच्या दृष्टीने त्या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

पहिली म्हणजे कठडा. प्रेक्षक पायऱ्यांवर उभे राहतात, त्या पायऱ्यांवर मधेमधे कंबरेच्या जरा वर येईल अशी आडवी नळी बसवतात. मागच्या माणसांचा रेटा या नळीवर येतो आणि तिथेच थांबतो. पुढच्या ओळींना फक्त त्यांच्या लगेच मागे असलेल्यांचा भार सोसावा लागतो. शेतीतलं उदाहरण द्यायचं तर डोंगरउतारावर जसे थोड्याथोड्या अंतराने बांध घालतात आणि पाणी टप्प्याटप्प्याने अडवतात, तसंच हे काम.

दुसरी म्हणजे कुंपण. हे सगळ्यात पुढे, खेळपट्टी आणि प्रेक्षक यांच्यामध्ये असतं. माणसांनी मैदानात उतरू नये एवढाच त्याचा हेतू. रेटा वाटून घेणं हे त्याचं काम नाही. उताराच्या तळाशी एकच उंच भिंत घातली, की वरचं सगळं पाणी तिच्यावर येतं. कुंपणाचंही तेच होतं, फक्त इथे पाण्याच्या जागी माणसं असतात.

गर्दीला पाणी म्हणणं ही नुसती उपमा नाही. गर्दीचा अभ्यास करणारे अमेरिकन अभियंते जॉन फ्रुइन यांनी मांडलं, की एका चौरस मीटरमध्ये सुमारे सात माणसं झाली, की जमाव जवळपास द्रवासारखा वागू लागतो. माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, लाट त्याला नेते. चेंगराचेंगरी म्हटलं की आपल्याला तुडवणारे पाय दिसतात. पण बहुतेक मृत्यू पुढूनमागून दाबल्याने होतात. छाती फुगायला जागा उरत नाही आणि माणूस उभ्याउभ्या गुदमरतो. मामाच्या 'हात छातीशी धर' या सांगण्यामागे शास्त्र होतं. हात पुढे घेतले की छातीपुढे दोनचार बोटं जागा राहते.

ग्लासगो, १९०२ : लाकडाचा धडा

या नळ्यांचा इतिहास शोधताना ज्या माणसापाशी पोचावं लागतं, तो म्हणजे स्कॉटलंडचा अभियंता आर्चिबाल्ड लीच. ५ एप्रिल १९०२ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचा सामना होता. पश्चिमेच्या बाजूला लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या ठोकून उंच पायऱ्या केल्या होत्या. सामना चालू असताना फळ्या फुटल्या, भोक पडलं आणि माणसं खाली कोसळली. २५ माणसं गेली आणि पाचशेहून अधिक जखमी झाली. ते बांधकाम लीचच्या आराखड्याचं होतं.

पुढे लीचने पायऱ्या मातीच्या भरावावर बांधण्याचा आग्रह धरला आणि त्यांवर नळ्यांचे कठडे बसवण्याची पद्धत विकसित केली. कठड्यांच्या रचनेचं पेटंटही त्याने घेतलं. गुडिसन पार्क, क्रेव्हन कॉटेज, ओल्ड ट्रॅफर्ड, व्हिला पार्क अशा अनेक मैदानांवर त्याचा हात फिरला. वारसाप्रेमींसाठी सांगतो, आयब्रॉक्सचा लाल विटांचा मुख्य स्टॅण्ड आणि लंडनमध्ये फुलहॅमचा १९०५चा स्टॅण्ड आजही उभे आहेत. लोक विटा आणि कमानी बघायला जातात. लीचचं मोठं काम मात्र उघड्या पायऱ्यांवरच्या त्या साध्या नळ्यांत होतं.

मोजणी नसेल तर कठडाही अपुरा

कठडे आले, तरी किती माणसं आत घ्यायची हा प्रश्न राहिलाच. २८ एप्रिल १९२३ रोजी लंडनचं नवं वेम्बली मैदान पहिल्याच अंतिम सामन्याला उघडलं. क्षमता सुमारे सव्वा लाख. आत शिरलेल्यांचा अंदाज दोन लाखांच्या पुढे जातो. माणसं पायऱ्यांवरून ओसंडून खेळपट्टीवर आली आणि घोडेस्वार पोलिसांनी त्यांना हळूहळू रेषेबाहेर सारलं. त्यातला बिली नावाचा घोडा छायाचित्रांत पांढरा दिसतो, म्हणून तो सामना 'पांढऱ्या घोड्याची फायनल' या नावाने अमर झाला. गंमत म्हणून ही गोष्ट सांगतात. पण एक बाब नजरेतून सुटते. गर्दीला खेळपट्टीवर उतरायला वाट होती, म्हणून त्या दिवशी प्रेतं मोजावी लागली नाहीत.

९ मार्च १९४६ रोजी बोल्टनच्या बर्नडन पार्कवर नशीब तसं नव्हतं. महायुद्ध नुकतंच संपलेलं, माणसं खेळाला आसुसलेली. अंदाजे ८५,००० लोक आले. फाटकं बंद झाल्यावरही माणसं भिंतींवरून आणि रेल्वेच्या बाजूने शिरत राहिली. आतली एक कुलपं लावलेली वाट एका बापाने आपल्या मुलाला बाहेर नेण्यासाठी उघडली, आणि तिच्यातून आणखी लोंढा आत आला. खालचे दोन कठडे मोडले. ३३ माणसं मेली. मृतदेह मैदानाच्या कडेला ठेवून सामना पुढे खेळवला गेला.

चौकशी मोलविन ह्यूज यांनी केली. त्यांनी सांगितलं ते आज वाचताना अंगावर येतं, कारण ते इतकं सोपं आहे. प्रत्येक भागाची क्षमता हिशेबाने ठरवा, आत येणारी डोकी मोजा, आकडा गाठला की फाटक बंद करा, आणि मैदानांना परवाना सक्तीचा करा. सरकारने हे क्लबांच्या मर्जीवर सोडलं. सक्तीचा कायदा यायला १९७५ उजाडलं.

मधल्या काळात आयब्रॉक्सनेच पुन्हा किंमत मोजली. २ जानेवारी १९७१ रोजी रेंजर्स आणि सेल्टिक यांचा सामना संपताना तेरा क्रमांकाच्या जिन्यावर माणसं पडली, त्यांच्यावर मागची पडली, आणि ६६ जण गेले. बरीच वर्षं लोक सांगत राहिले, की शेवटच्या क्षणी गोल झाला म्हणून उतरणारे प्रेक्षक मागे वळले आणि दोन लोंढे भिडले. चौकशीत निघालं, की सगळे एकाच दिशेने, खालीच चालले होते. जिना उभा आणि लांब होता, आणि त्यावर उतरणाऱ्यांचा रेटा तोडणारं काही नव्हतं. याच जिन्यावर १९६१मध्ये दोघे मेले होते, नंतर १९६७ आणि १९६९मध्येही माणसं जखमी झाली होती. म्हणजे जिना दहा वर्षं इशारा देत होता. दंतकथेने दोष गर्दीच्या उतावीळपणावर टाकला. इतिहासमंडळाच्या माणसाने अशा दंतकथांपाशी थोडं थांबावं, असं मला वाटतं. त्या बहुतेकदा कोणाला तरी सोयीच्या असतात.

यानंतर लॉर्ड व्हीटली यांचा अहवाल आला, १९७३मध्ये 'ग्रीन गाइड' नावाची सुरक्षापुस्तिका निघाली आणि १९७५मध्ये क्रीडामैदानांच्या सुरक्षेचा कायदा झाला.

कुंपण उभं राहतं

नेमक्या याच सुमारास ब्रिटनमध्ये प्रेक्षकांची हुल्लडबाजी वाढली. मैदानात घुसणं, मारामाऱ्या, बाटल्या. त्यावर सोपा उपाय दिसला, तो म्हणजे उंच जाळी. उभ्या पायऱ्यांचे कप्पे पाडले गेले, प्रत्येक कप्प्याला बाजूंनी आणि पुढून लोखंड. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर ही कुंपणं १९७७मध्ये आली. प्रेक्षक हा पाहुणा आहे हे विसरून त्याला धोका मानायला सुरुवात झाली होती.

कुंपण काय करतं आणि नसलं तर काय होतं, हे १९८५च्या एका दुर्घटनेत स्पष्ट दिसतं. ११ मे रोजी ब्रॅडफर्डच्या मैदानावर जुन्या लाकडी स्टॅण्डला आग लागली आणि काही मिनिटांत तो पेटला. ५६ माणसं गेली. त्यातले पुष्कळजण मागच्या दारांकडे धावले होते, आणि ती दारं बंद होती. जे पुढे, खेळपट्टीकडे पळाले ते बहुतेक वाचले, कारण त्या स्टॅण्डपुढे उंच जाळी नव्हती.

चार वर्षांनी हिल्सबरो झालं. १५ एप्रिल १९८९, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपांत्य सामना. लेपिंग्ज लेन बाजूच्या उभ्या पायऱ्यांसाठी लिव्हरपूलच्या १०,१०० प्रेक्षकांना सात फिरकी फाटकं होती. बाहेर चेंगरायची वेळ आली, म्हणून २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी 'सी' फाटक उघडायला लावलं. सुमारे दोन हजार माणसं आत आली आणि समोर दिसणाऱ्या बोगद्यात शिरली. बोगदा उताराचा. तो मधल्या तीन आणि चार क्रमांकाच्या कप्प्यांत उघडत होता, आणि ते कप्पे आधीच भरले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती. पण तिकडे वळवायला कोणी उभं नव्हतं आणि बोगद्याचं तोंड बंद केलं नव्हतं.

तीन क्रमांकाच्या कप्प्यातला एक कठडा मोडला. १९८६मध्ये त्या भागातल्या दुसऱ्या एका कठड्याचा तुकडा ये-जा सोपी व्हावी म्हणून काढून टाकला होता, त्यामुळे रेट्याला मोकळी वाट मिळाली होती. पुढे जाळी होती, आणि तिच्यातली दारं इतकी अरुंद, की एका वेळी एकच माणूस निघेल. ३ वाजून ६ मिनिटांनी सामना थांबला. माणसं जाळीवर चढत होती, वरच्या मजल्यावरचे लोक हात देऊन खालच्यांना ओढून घेत होते. मृतांचा आकडा आज ९७ आहे. शेवटचा मृत्यू २०२१मध्ये झाला, बत्तीस वर्षं त्या दुखापती सोसून.

दोष लगेच प्रेक्षकांवर गेला, दारू प्यायलेले, बिनतिकिटाचे म्हणून. ते खोटं होतं हे टेलर यांच्या चौकशीने त्याच वर्षी सांगितलं, २०१२मध्ये स्वतंत्र समितीने कागदपत्रांनिशी दाखवलं, आणि २०१६मध्ये ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा मनुष्यवध ठरवले. कुटुंबांना सत्तावीस वर्षं लागली. ही लढाई कागद जपणाऱ्यांनी जिंकली, हे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडचं

भारतात फुटबॉलच्या इतिहासातला काळा दिवस म्हणजे १६ ऑगस्ट १९८०. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. मैदानातल्या भांडणाचं लोण स्टॅण्डमध्ये पोचलं. दोन्ही संघांचे समर्थक एकाच भागात मिसळून बसलेले. पळापळीत १६ जण मेले. कोलकात्यात दरवर्षी त्या दिवशी त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान होतं.

आणि गर्दीचं गणित फुटबॉलपुरतं नाही, हे गोव्याला वेगळं सांगायला नको. ३ मे २०२५च्या पहाटे शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, किमान सहा माणसं गेली. तिथेही उतार होता. धोंड असोत की फुटबॉलवेडे, उतारावरची गर्दी एकाच नियमाने चालते.

आज काय करतात

टेलर अहवालानंतर ब्रिटनमध्ये पुढच्या जाळ्या निघाल्या आणि वरच्या विभागांतली मैदानं सगळी खुर्च्यांची झाली. खुर्ची म्हणजे आपोआप झालेली मोजणी. जेवढ्या खुर्च्या तेवढीच माणसं. पण लोक खुर्चीपुढेही उभेच राहायचे, आणि गुडघ्याएवढ्या पाठीवरून पुढच्या ओळीत पडायचे. म्हणून कठडा नव्या रूपात परत आला. जर्मनीत रुळलेल्या पद्धतीने प्रत्येक ओळीला कंबरेएवढी नळी आणि तिच्यातच दुमडणारी खुर्ची. ग्लासगोच्या सेल्टिकने २०१६मध्ये ती बसवली, इंग्लंडच्या वरच्या विभागांत जानेवारी २०२२पासून काही मैदानांवर परवानगी मिळाली. रेटा एकाच ओळीत थांबतो. लीचची नळी सव्वाशे वर्षांनी प्रत्येक ओळीत पोचली.

'ग्रीन गाइड'मधले काही आकडे कोणत्याही मैदान समितीच्या कामाचे आहेत. कठड्याची योग्य उंची सुमारे १.१ मीटर. जागेप्रमाणे त्याने दर मीटर लांबीवर ३४० ते ५०० किलो वजनाएवढा रेटा सोसला पाहिजे. उतार जितका उभा, तितके कठडे जवळजवळ. चांगल्या पायऱ्यांवरही १० चौरस मीटरला ४७हून जास्त माणसं नकोत. आणि सगळं मैदान आठ मिनिटांत रिकामं व्हावं. सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं जातात, जिन्यावरून ६६.

फीत घेऊन

हे वाचल्यावर मी मोजपट्टी घेऊन आमच्या त्या मैदानावर गेलो. बाहेर पडायची दोन फाटकं आहेत. एक दीड मीटर, दुसरं १.२ मीटर. एकूण २.७. हिशेब केला. एक मीटरमधून आठ मिनिटांत ६५६, म्हणजे दोन्हींतून साधारण १,७७० माणसं. अंतिम सामन्याला चार हजार तरी येतात. त्यांना सहा मीटरहून जास्त रुंदी हवी. शिवाय छोटं फाटक फुकटे शिरतात म्हणून सामना सुरू झाला की कुलूपबंद असतं, आणि दोन्ही फाटकं आतल्या बाजूला उघडतात. माणसं दाबली गेली, तर आत उघडणारं फाटक उघडताच येत नाही.

१ ऑक्टोबर २०२२ला इंडोनेशियातल्या मलांग जिल्ह्यात, कांजुरुहान मैदानावर, पोलिसांनी स्टॅण्डमध्ये अश्रुधूर सोडला. माणसं फाटकांकडे धावली. काही बंद होती, काही अरुंद. १३५ जण गेले. बोल्टनचा अहवाल तेव्हा शहात्तर वर्षांचा झाला होता.

समितीच्या गृहस्थांना मी हे सगळं कागदावर लिहून दिलं. त्यांचा प्रश्न होता, आठ फूट की दहा. मी लिहिलं : पुढे कंबरेएवढी नळी पुरे, उताराच्या बाजूला मधेमधे कठडे घाला, तिकिटं मोजून विका. जाळी घालायचीच असेल, तर दर थोड्या अंतरावर खेळपट्टीकडे उघडणारं रुंद दार ठेवा, कुलपाशिवाय, आणि प्रत्येक दारापाशी एक माणूस उभा करा, ज्याचं काम सामना बघणं नसून गर्दीकडे बघणं आहे.

त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "पण मग पोरं मैदानात घुसतील की."

घुसतील. मीही एकदा घुसलो होतो, बांबू मोडून. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. मंडळातल्या ज्यांना जमेल त्यांनी बरोबर यावं, आणि येताना आपापल्या गावच्या मैदानाच्या फाटकाची रुंदी मोजून आणावी. जुन्या वास्तूंची मापं आपण घेतोच, त्यात ही दोन मापं वाढतील.